मद्यधुंद चालकाने सायकलस्वाराला जखमी केल्यास कुटुंबाने काय करावे

पहिल्याच दिवशी, रुग्णालयाची धावपळ चालू असतानाच, घरातील एकाने पोलीस ठाणे गाठून चालकाची श्वासचाचणी झाली का आणि रक्ताचा नमुना घेतला का, हे विचारावे; कारण रक्तातील मद्य तासागणिक उतरते आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मधील १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडल्याचा पुरावा त्याबरोबर नाहीसा होतो. एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी. वाकलेले चाक आणि फुटलेला मागचा दिवा असलेली सायकल घाईने दुरुस्तीला टाकू नये, हे मी कळकळीने सांगतो, कारण धडक मागून बसली की बाजूने, हे तीच दाखवते.

फौजदारी खटला सरकार चालवते. भरपाईसाठी मात्र मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कलम १६६ खाली स्वतंत्र अर्ज करावा लागतो, आणि तो आपण राहतो त्या भागातील न्यायाधिकरणातही करता येतो. कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून खटल्याच्या निकालाची वाट पाहू नये. औषधांची बिले, बुडालेला पगार, शुश्रूषेसाठी ठेवलेल्या माणसाचा खर्च, सारे तारीखवार जपावे. चालक नशेत होता म्हणून विमा कंपनी हात वर करू शकते. तरीही कंपनीने आधी जखमीला रक्कम द्यावी आणि नंतर वाहनमालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालयांनी दिलेले आहेत, तेव्हा वकिलाला ही मागणी अर्जात स्पष्ट लिहायला सांगावे.