रानावरून हाय टेन्शन लाइन जातेय? या चुका टाळा

आखणीवाले खुंट्या मारून जातात, पाठोपाठ नोटीस येते आणि गावात दोन तट पडतात. एक म्हणतो, कंपनीला रानात पाय ठेवू द्यायचा नाही. दुसरा म्हणतो, सरकारी काम आहे, देतील ते घ्यायचं. दोघांचंही नुकसान होतं. भरपाई ज्या कागदांवर ठरते ते कागद तारा ओढायच्या आधी तयार व्हावे लागतात, आणि नेमका तोच काळ भांडणात नाहीतर गप्प बसण्यात जातो.

याला भूसंपादन समजू नका. रस्त्याला जमीन गेली की सातबाऱ्यावरचं नाव बदलतं. इथे तसं होत नाही. १८८५ च्या तार कायद्याच्या कलम १० नुसार लाइन टाकणाऱ्याला फक्त वापराचा हक्क मिळतो, मालकी तुमचीच राहते. म्हणून २०१३ च्या भूसंपादन कायद्यातला चौपट मोबदला मागितलात, की अर्ज एका ओळीत निकाली निघतो. हे न्यायाचं आहे का? मला तरी वाटत नाही. तारांखाली घर बांधता येत नाही, आंबा-नारळ लावता येत नाही, पुढे जमीन एन.ए. (बिगरशेती) करायचं मनात असेल तर ते विसरा. आणि वर मालकी तुमचीच! पण आज लढायचं तर याच कायद्यात राहून लढावं लागतं. नवा दूरसंचार कायदा आल्यामुळे हे सगळं रद्द झालं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. वीजवाहिन्यांपुरता जुन्या कायद्यातला तो भाग कायम ठेवला आहे.

समोरचा कोणत्या अधिकाराने आलाय, ते आधी विचारा. वीज कायदा २००३ च्या कलम १६४ खाली सरकारने तार कायद्यातले अधिकार दिलेले असतील, तर तुमची पूर्वसंमती लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने पॉवरग्रिड विरुद्ध सेंच्युरी टेक्स्टाइल्स या खटल्यात तसं स्पष्ट केलं आहे. तो आदेश नसेल तर चित्र उलटं होतं. २००६ च्या नियमांप्रमाणे मालकाची संमती लागते, आणि मालकाने हरकत घेतली तर जिल्हाधिकाऱ्यांची लेखी परवानगी. तेव्हा आदेशाची प्रत लेखी अर्ज करून मागा, खासगी कंपनीचा माणूस आला असेल तर नक्कीच. शेतकरी हा प्रश्न क्वचितच विचारतात, याचं मला नवल वाटतं.

जेसीबीपुढे आडवं पडण्याआधी टॉवरची जागा बघा. काम अडवलं तर तार कायद्याच्या कलम १६ खाली जिल्हाधिकारी आदेश काढतात. त्यानंतरचा विरोध गुन्हा ठरतो, बंदोबस्तात काम होतं आणि त्या धांदलीत पिकाचा पंचनामाच राहून जातो. त्यापेक्षा पाया खणण्याआधी टॉवर बांधाकडे सरकवायची लेखी मागणी करा. लाइनीच्या रेषेतच थोडं पुढे-मागे करणं त्यांना जमण्यासारखं असतं. बाजूला सरकवला तर लाइनीला कोन पडतो, जड टॉवर लागतो, आणि ते नाही म्हणतात. जमण्यासारखं मागितलं तर मिळण्याची शक्यता जास्त.

पंचनामा एकदाच होतो, हा समज सोडा. नुकसान तीनदा होतं: पाया खणताना, टॉवर उभारताना आणि तारा ओढताना. मध्ये हंगाम बदललेला असतो. पहिल्या वेळी सोयाबीन होतं, तिसऱ्या वेळी हरभरा उभा असेल, तर पंचनामाही नव्याने व्हायला हवा. फळझाडं मोजताना नुसती संख्या नको, वय आणि घेरही लिहून घ्या. पाइपलाइन, ठिबक, बोअर यांची नोंद वेगळी करून घ्या. ई-पीक पाहणीत रान पड दाखवलेलं आणि प्रत्यक्षात संत्र्याची बाग, अशी अवस्था असेल तर ती आत्ताच दुरुस्त करा. कोऱ्या पंचनाम्यावर सही नको. आकडा पटला नाही तर सहीशेजारीच "हरकत राखून" असं लिहा.

टॉवरखालच्या जागेवरच समाधान मानू नका. तारांखालचा पट्टाही मोजायचा असतो. १३२ केव्हीच्या (किलोव्होल्ट, म्हणजे विजेचा दाब) लाइनीला तो साधारण २७ मीटर रुंद धरतात, २२० ला ३५, ४०० ला ४६. म्हणजे २२० ची लाइन तुमच्या रानातून २०० मीटर गेली तर जवळपास ६९ गुंठ्यांवर बंधन आलं. केंद्राच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि पट्ट्याला १५ टक्क्यांपर्यंत रक्कम होती. जून २०२४ च्या सूचनांत ती २०० आणि ३० टक्के झाली. या सूचना राज्यातल्या प्रत्येक लाइनीला आपोआप लागू होत नाहीत. तुमच्या लाइनीला कोणता जीआर (शासन निर्णय) लावलाय आणि रेडीरेकनरचा (जमिनीच्या सरकारी दरपत्रकाचा) कोणत्या वर्षाचा दर धरलाय, हे विचारल्याशिवाय सही करू नका.

सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल, तर आधी वारस नोंद उरका. हिश्श्यांचा वाद निघाला की पैसे जिल्हा न्यायालयात जमा होतात आणि तिथेच पडून राहतात.

चेक घेतला म्हणजे विषय संपला, असं नाही. रक्कम कमी वाटली तर तार कायद्याच्या कलम १६(३) खाली जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो. मुदत तीन वर्षं. अशा अर्जाला मुदतीचा कायदा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७० च्या दशकातच सांगितलं आहे. भरपाई ठरवताना जमीन कुठे आहे, लाइन मधोमध गेली की कडेने, किती लांबीवर गेली, हे पाहायला हवं, असं याच न्यायालयाने २००७ मध्ये केरळ वीज मंडळाच्या प्रकरणात म्हटलं. म्हणून अर्जाला मोजणी नकाशा, फोटो आणि शेजारच्या खरेदीखतांच्या नकला जोडा. जिल्हा न्यायाधीशांचा निर्णय कायद्याने अंतिम असतो, नेहमीसारखं अपील त्यावर होत नाही. हायकोर्टात रिट याचिकेने जाता येतं, पण तिथे पुरावा नव्याने मांडायची संधी सहसा मिळत नाही.