चुकांची वही कशी ठेवावी: बातमीदारांसाठी

दोनशे पानी आखीव वही घ्या. मोबाईलमधली टिपणे शोधावी लागतात, आणि स्वतःची चूक शोधायला आपण होऊन कोणी जात नाही. वही टेबलावर पडलेली असते, येता-जाता डोळ्यांत खुपते. प्रत्येक पानावर पाच रकाने आखा: तारीख, काय छापले, बरोबर काय, चूक कुठून आत आली, कोणी दाखवून दिली. चौथा रकाना सर्वांत रुंद ठेवा, कारण खरा उपयोग त्याचाच.

त्या रकान्यात 'घाईत झाले' लिहायचे नाही. संध्याकाळी सातनंतर घाई रोजचीच, त्यामुळे कारण म्हणून ती कुचकामी. कोणती पायरी गाळली ते लिहा. गोव्यातल्या जमिनीच्या बातम्यांत हमखास होणारी गफलत घ्या. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीच्या कागदावर, क्षेत्रफळ हेक्टर, आर, चौरस मीटर या क्रमाने असते. ०.५२.७५ म्हणजे ५२ आर ७५ चौरस मीटर, अर्थात ५,२७५ चौरस मीटर. पुढचे शून्य नजरेतून सुटले की त्याचे '५२.७५ हेक्टर' होते, म्हणजे ५,२७,५०० चौरस मीटर. थेट शंभर पट! अर्ध्या हेक्टरच्या भूरूपांतराची, म्हणजे जमिनीचा वापर बदलल्याची, बातमी अख्खी टेकडी गिळल्याची होऊन बसते. मग ज्यांच्याविरुद्ध बातमी आहे त्यांना तेवढा एकच आकडा पुरतो. बाकी सगळे खरे असले तरी 'यांना आकडेसुद्धा वाचता येत नाहीत' म्हणून ते मोकळे. वहीतली नोंद अशी हवी: 'उताऱ्याचा फोटो व्हॉट्सॲपवर आला, वरची ओळ कापलेली होती, पूर्ण प्रत मागवली नाही.' असे लिहिले की उपाय वेगळा शोधावा लागत नाही. सर्व्हे क्रमांक, पोटविभाग आणि रकान्यांची शीर्षके दिसणारा उतारा हाती येईपर्यंत क्षेत्रफळ लिहायचे नाही.

चूक शिरण्याची दुसरी मोठी वाट म्हणजे इंग्रजी प्रेस नोट. रोमन अक्षरांत ल आणि ळ एकच, न आणि ण एकच. पालेकर की पाळेकर, हे माणसाला विचारल्याशिवाय कळत नाही. गावांचे त्याहून बिकट. सासष्टी तालुक्यातली नावेली आणि डिचोली तालुक्यातली न्हावेली इंग्रजीत सारख्याच लिहिल्या जातात. नागोवा बार्देशात आहे तसा सासष्टीतही आहे. नोटमध्ये तालुका नसेल तर कुठल्या पोलीस स्थानकाने नोट काढली ते पाहा, बहुधा तिथेच उलगडा होतो. तरीही शंका उरली तर फोन करा.

मथळ्याचा भाग छोटा, पण भांडणाचा. बातमीत 'संशयित' असतो, मथळ्यात 'चोर' होतो. डेस्कशी, म्हणजे मथळे देणाऱ्या उपसंपादकांशी, वाद घालण्यापेक्षा बातमीसोबत तीन-चार शब्दांचे दोन मथळे आपणच द्यावेत. जागेत बसणारा तयार मथळा उपसंपादक सहसा टाकून देत नाही. आणि ही चूक डेस्कची असली तरी आपल्याच वहीत लिहावी.

काही चुका वहीत येण्याची वाट पाहायची नसते. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार पीडित मुलाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा, परिसर यांतले काहीही देता येत नाही. आपल्याकडे नाव छापण्याचीही गरज नसते. वाडा (गावातली वस्ती), वडिलांचा धंदा आणि मुलीची इयत्ता कळली की गाव ओळखते. एका दैनिकाने वाडा दिला आणि दुसऱ्याने धंदा, तर प्रत्येकाने एकेकच तपशील देऊनही ओळख फुटते. म्हणून आपली बातमी देण्यापूर्वी इतरांनी काय दिले आहे ते पाहावे. आरोपी घरातला असेल तर त्याचे नाव आणि नाते एकत्र देऊ नये. इथे शुद्धिपत्रकाने काहीच भरून येत नाही.

बाकीच्या चुकांना शुद्धिपत्रक हवेच. त्यात चार गोष्टी असाव्यात: कोणत्या तारखेचा अंक, कोणते पान, काय छापले गेले, बरोबर काय. 'अनवधानाने' हा शब्द गाळला तरी चालतो, आणि चूक आपली असताना ती मुद्रणदोषाच्या माथी मारणे वाचकाला लगेच कळते. संकेतस्थळावर गुपचूप बदल करू नका. खाली वेळेसह एक ओळ टाका. बातमीचे कात्रण ज्या व्हॉट्सॲप गटांत आपण स्वतः टाकले, तिथे दुरुस्तीही आपणच टाकायची. हे जड जाते, आणि नेमके तेच बहुतेक जण टाळतात.

महिन्यातून एकदा, अर्धा तास, फक्त चौथा रकाना वाचा. रविवार नको, ग्रामसभा असतात. एकच वाट तीनदा दिसली की पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला एक ओळ लिहा: 'तालुका विचारला?' 'पूर्ण उतारा पाहिला?' अशा ओळी सातच्या वर जाऊ देऊ नका, पंधरा झाल्या की कोणी वाचत नाही. सहा महिने जी चूक झाली नाही तिची ओळ खोडून नवीला जागा करा.

वही दोन कारणांनी बंद पडते. एक, तिच्यात सहकाऱ्यांच्या चुका लिहायला सुरुवात होते. दुसरे, ती वरिष्ठांपर्यंत जाऊन वार्षिक मूल्यमापनात वापरली जाते. त्या दिवसापासून नोंदी गुळमुळीत होतात. ती आपल्याच पिशवीत राहू द्या.

एखादा महिना कोरा गेला तर महिन्यातल्या तीन बातम्या डोळे मिटून निवडा आणि त्यांत ज्यांची नावे आली त्यांना फोन करा. 'बातमी आवडली का' विचारू नका. नाव, गाव आणि आकडा वाचून दाखवा, आणि समोरचा बोलेपर्यंत थांबा.