नवी आमरी जाहीर करण्याआधीची तयारी

सह्याद्रीत दिसलेली ओबेरोनिया (झाडांवर वाढणारी, इवल्या फुलांची आमरी, म्हणजे ऑर्किड) नवी जात वाटत असेल, तर आधी वनविभागाची लेखी परवानगी काढा. मग रानात नव्हे, हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात जा. ब्रिटिशकाळात इथून गेलेले कित्येक मूळ नमुने लंडनच्या क्यू उद्यानाच्या संग्रहात आहेत. त्यांचे फोटो ऑनलाइन बघून, मूळ वर्णनं वाचून जवळच्या जातींशी फरकांचा तक्ता करा. तक्ता नसला की नेमका महत्त्वाचा अवयव मोजायचा राहतो, आणि पुढचा बहर वर्षाने येतो.

झोळीत १० पटीचं भिंग, मिलिमीटरची पट्टी, ५० मिलीच्या रुंद तोंडाच्या बाटल्या, थोडं ग्लिसरीन घातलेलं ७० टक्के अल्कोहोल, शिसपेन्सिल, सिलिका जेल आणि रद्दी हवी. ओबेरोनियाचं फूल जेमतेम २ मिलिमीटरचं. वाळवायला कागदात दाबलं की ओठाच्या (वेगळ्या आकाराच्या पाकळीच्या) पाळ्या आणि कडेचे दात एकमेकांना चिकटून बसतात, मग जात ठरवायची कशावरून? म्हणून निदान एक अख्खा तुरा अल्कोहोलमध्ये ठेवा. त्यात रंग उडतो, तेव्हा आधी पट्टी धरून समोरून आणि बाजूने फोटो घ्या, रंग लिहून ठेवा. तुरा कोणत्या टोकाकडून उमलतोय तेही नोंदवा. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका, शाई विरघळते.

आमरी प्रेसमध्येही (नमुना कागदांत दाबून वाळवायच्या चौकटीत) लवकर मरत नाही. मांसल पानांतल्या पाण्यावर ती बरेच दिवस तग धरते आणि मग पानं गळतात. फुलं वाचवून पानं काही सेकंद उकळत्या पाण्यात बुडवा, मगच दाबा. पावसाळ्यात कागद दिवसातून दोनदा बदला, नाहीतर बुरशी ठरलेली.

एकाच रोपावर जात उभी करू नका. वेगवेगळ्या झाडांवरची निदान १० रोपं जागेवरच मोजा: सावलीत पानं लांबतात, अर्धवट उमललेल्या फुलाचा ओठ वेगळाच दिसतो. नमुन्याला मोजके फुटवे पुरतात, बाकीची वसाहत तशीच राहू द्या.

होलोटाइप (नव्या जातीचं नाव ज्याला बांधलेलं असतं तो एकच नमुना) पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणात किंवा मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये जमा करून क्रमांक घ्या, मग लेख पाठवा. कुंडीतलं जिवंत रोप टाइप म्हणून चालत नाही, आणि लेखात हर्बेरियमचं नाव द्यायचं राहिलं तर नव्या जातीचं नाव वैध ठरत नाही. वेगळेपण सांगणारं वर्णन २०१२ पासून लॅटिनऐवजी इंग्रजीतही चालतं. छापताना ठिकाण तालुक्यापर्यंतच द्या. नेमके जीपीएस आकडे वनविभागाकडे ठेवा. ते बाहेर पडले की आमरी विकणारे फांद्यांसकट झाड ओरबाडून नेतात.