उजनीचं पाणी उपग्रहचित्रावरून मोजताना

जीआयएस (संगणकावरचं नकाशाकाम) आणि सुदूर संवेदन (उपग्रहातून पाहणी) शिकायला एक जलाशय आणि दोन तारखा पुरतात. भीमेवरचं उजनी घ्या. एक चित्र नोव्हेंबरचं, एक मेचं; दोन्हींत पाण्यानं व्यापलेलं क्षेत्र मोजायचं. पावसाळ्यातली चित्रं नकोत, ढगांखालचं पाणी त्यांत दिसत नाही.

कोपर्निकस ब्राउझर या युरोपीय संकेतस्थळावर मोफत खातं काढून सेंटिनेल-2 उपग्रहांची लेव्हल-2ए (वातावरणाचा परिणाम काढलेली) चित्रं उतरवा. 10 मीटरच्या फोल्डरमधले (एक पिक्सेल 10 मीटर बाजूचा) बँड, म्हणजे एकेका रंगाची चित्रं, 3 (हरित), 4 (लाल) आणि 8 (निकट अवरक्त) क्यूजीआयएस या मोफत नकाशा-प्रणालीत उघडा. प्रोजेक्शन (नकाशाची मोजपद्धत) मीटरमध्ये मोजणारं यूटीएम झोन 43 उत्तर असायला हवं; अक्षांश-रेखांशात नेलंत तर पिक्सेलचं क्षेत्र अंशांत येईल आणि हेक्टरचा हिशेब फसेल.

पाणी निकट अवरक्त किरण शोषतं, हरित थोडे परत पाठवतं. म्हणून क्यूजीआयएसच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये (रास्टर म्हणजे पिक्सेलांचं चित्र) हे सूत्र:

(हरित − अवरक्त) ÷ (हरित + अवरक्त − 2000)

हे 2000 बहुतेकांकडून राहून जातात. 25 जानेवारी 2022 पासूनच्या प्रक्रियेत प्रत्येक आकड्यात 1000 मिळवलेले असतात. समजा, एका पिक्सेलला हरित 1600, अवरक्त 1400 आहे. वजाबाकी न करता उत्तर येतं 0.07, खरं उत्तर 0.2. ज्याच्या वरचं उत्तर पाणी मानायचं तो उंबरठा 0.1 ठेवलात तर खरं पाणी जमीन म्हणून मोजलं जातं. जुन्या चित्रांसाठी मेटाडेटातला (चित्रासोबतच्या माहितीतला) ऑफसेट, म्हणजे हे मिळवलेले 1000, आधी बघा, तो नसेल तर 2000 वजा करू नका.

उंबरठा शून्यापासून सुरू करा आणि काठाकाठानं मूळ चित्राशी ताडून सरकवा. पाणी 1, बाकी 0 असं रास्टर करा, सीव्ह या साधनानं सुटे ठिपके काढा, मग प्रत्येक आकड्याचे पिक्सेल मोजणारा युनिक व्हॅल्यूज रिपोर्ट चालवा. 100 पिक्सेल म्हणजे 1 हेक्टर.

उजनीत खरी अडचण जलपर्णीची. ती पाण्यावर असूनही निकट अवरक्त परत फेकते, म्हणून सूत्र तिला जमीन समजतं आणि क्षेत्र कमी भरतं. बँड 8-4-3 चं मिश्रण लावलं की जलपर्णी लालभडक दिसते. पण काठचा ऊसही तसाच लाल, त्यामुळे पाण्यातला लाल भाग हातानं पॉलिगॉन (बहुभुज) काढूनच क्षेत्रात मिळवावा लागतो. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

पाणी फार आटलं की पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं. अशा मेच्या नकाशात मंदिराभोवती पाणीच दिसत असेल, तर उंबरठा पुन्हा तपासा.