लोअर आर्मचे बुश निवडताना: गॅरेजात नव्याने आलेल्यांसाठी

आयटीआय करून गॅरेजला लागलेल्या मुलांना इंजिन उघडायची घाई असते. इंदूरला माझ्याकडे आलेल्यांना मी आधी गाडीखाली पाठवतो. सस्पेन्शनचं काम हाताला बसलं की गिऱ्हाईक टिकतं, आणि त्यातही लोअर आर्मच्या, म्हणजे चाक गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या, बुशची पारख आली पाहिजे.

आत लोखंडी नळी, बाहेर लोखंडी कडं आणि मधे दोन्हींना घट्ट चिकटवलेलं रबर, असा साधा बुश असतो. नळी बोल्टाने आवळलेली असल्यामुळे ती फिरत नाही. आर्म वरखाली होतो तेव्हा पिळलं जातं ते रबर. बऱ्याच गाड्यांच्या लोअर आर्मला दोन बुश असतात. एक चाकाला आडवं सरकू देत नाही, म्हणून कडक. दुसरा खड्ड्यात चाक आपटलं की त्याला किंचित मागे जाऊ देतो, म्हणून मऊ. त्याच्या रबरात अनेकदा मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. त्या बघून नवा मुलगा लगेच 'फाटलाय' म्हणतो. खरी चीर वेडीवाकडी असते, आणि पहारीने आर्म हलवला की ती तोंड उघडते.

गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "भिया, कडक वाला डाल दो, चलना चाहिए." इथे त्याच्या हो ला हो करू नका. पॉलियुरेथेनचा बुश रबराहून बराच कडक असतो, तेल-ग्रीसला दाद देत नाही, टिकतोही. पण रस्त्याचा प्रत्येक हादरा तो स्टिअरिंगपर्यंत पोचवतो, आणि सिलिकॉन ग्रीस सुकलं की कुरकुरतो. घरच्या गाडीला मी मूळ कडकपणाचा रबरी बुशच घालतो. आपल्या शेजारी पिथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्रात ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे. गाडीची पकड आणि आराम यांचा मेळ अशा ठिकाणी चाचण्या घेऊन बसवतात. तो आपण दुकानाच्या काउंटरवर मोडायचा नाही.

पार्ट मागवताना चॅसिस नंबर द्या. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीचे बुशसुद्धा वेगळे निघू शकतात. हातात आल्यावर बाहेरचा व्यास, आतलं भोक आणि नळीची लांबी व्हर्नियरने मोजून जुन्याशी ताडून बघा. आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा बॉल जॉइंटही ढिला असेल तर पूर्ण आर्म बदलणं बहुधा स्वस्त पडतं.

जुना बुश काढण्याआधी पोकळ्यांची दिशा आर्मवर खडूने मारून ठेवा. प्रेसचा दाब बाहेरच्या कड्यावर द्या, रबरावर कधीच नाही. घसरण्यासाठी साबणाचं पाणी लावा, इंजिन ऑइलने रबर फुगतं.

पुढची पायरी मी प्रत्येकाकडून समोर उभं राहून करून घेतो. गाडी जॅकवर असताना चाकं लोंबकळत असतात, आर्म खाली झुकलेला असतो. तशातच बोल्ट आवळला तर गाडी जमिनीवर टेकताच रबर पिळलं जातं आणि उभ्या गाडीतही पिळलेलंच राहतं. नवा कोरा, अस्सल बुशसुद्धा मग लवकर फाटतो, आणि दोष पार्टवर जातो. म्हणून बोल्ट आधी हलकेच बसवा, गाडी चाकांवर उतरवा, पुढून दोन-चार वेळा दाबून सोडा आणि मगच कंपनीने दिलेल्या टॉर्कला आवळा. त्यानंतर गाडी अलाइनमेंटला पाठवायची.