रब्बीतील पांढरट लोकरी तणे: फवारणीपूर्वी पाहावयाच्या खुणा

पौष-माघात ओलिताच्या गव्हात, पाटाच्या कडेने आणि जायकवाडी, माजलगाव यांसारख्या जलाशयांचे पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनींत, पांढुरक्या लवेने मढलेली बुटकी रोपे आढळतात. ही सर्व रोपे एकाच जातीची समजून सरसकट तणनाशक मारणे योग्य नाही.

प्रथम पान चुरगाळून वास घ्यावा. कापरासारखा उग्र दर्प आला आणि पानाची कड दातेरी असली, तर ते रोप ब्लुमिया लॅसेरा, म्हणजे भामुर्डा आहे. ग्नाफॅलियम या लोकरी तणांच्या गटातील रोपांना असा दर्प नसतो आणि त्यांच्या पानांची कड अखंड असते. माचीपत्रीही अशाच ओलसर गाळात वाढते, परंतु तिची कातरलेली पाने आणि पिवळी, गोंड्यासारखी फुले पाहिल्यावर घोटाळा राहत नाही.

खरी गल्लत ग्नाफॅलियमच्या जातींमध्येच होते. रोप कोवळे असताना केवळ पानांवरून जात ठरविण्याचा अट्टहास करू नये, कारण लव आणि पानांची रुंदी ओलाव्यानुसार बदलते. फुलोरा येऊ द्यावा आणि तो कोठे लागला आहे ते पाहावे. ल्युटिओअल्बम या जातीचे खोड बहुधा सरळ वाढते, तिच्या शेंड्यावर फुलांचे दाट झुपके येतात, झुपक्यांमध्ये पाने नसतात आणि प्रत्येक बोंडीभोवतीचे (बारीक फुलांच्या गोंड्याभोवतीचे) पातळ पापुद्रे फिकट पिवळसर, चकचकीत असतात. पॉलिकॉलॉन ही जात बुडापासूनच अनेक फांद्या फोडून जमिनीलगत पसरते. तिची तपकिरी छटेची बोंडे पानांच्या बगलेत आणि शेंड्याकडे, पानांसह कणसासारखी लागतात. मूळची अमेरिका खंडातील पेन्सिल्व्हॅनिकम हिचा फुलोराही असाच पानांसह, पण तुटक कणसासारखा असतो. या दोघींबाबत शंका राहिल्यास पिकलेले बी भिंगाखाली धरावे: पेन्सिल्व्हॅनिकमच्या बियांवरील केस बुडाशी कड्यासारखे जुळलेले असून एकत्र गळतात, तर पॉलिकॉलॉनचे केस सुटे असतात.

नियंत्रणासाठी मात्र जातीपेक्षा वेळ महत्त्वाची आहे. या सर्व वर्षायू तणांचे बी अत्यंत बारीक असून वाऱ्यावर दूर जाते, म्हणून बोंडे फुटून म्हातारी उडण्यापूर्वी, वाफसा असताना खुरपणी करावी. थोड्या रोपांसाठी फवारणीचा खर्च करणे आमच्या मते व्यर्थ आहे. गव्हात इतरही रुंद पानांची तणे दाट असतील, तर २,४-डी हे तणनाशक पेरणीनंतर ३० ते ३५ दिवसांच्या सुमारास, वेष्टनावरील मात्रेनुसार वापरता येते. मात्र शेजारी हरभरा, करडई किंवा सूर्यफूल असल्यास वाऱ्याने उडालेले तुषारही त्या पिकांना इजा करतात. करडई आणि सूर्यफूल तर या तणांच्याच कुळातील आहेत.

उपटलेली फुलोऱ्यातील रोपे बांधावर टाकू नयेत, कारण सुकतानाही त्यांच्यातील बी पिकू शकते. ती खड्ड्यात खोल पुरावीत.