हरित ऊर्जेनं कुणाचं भलं झालं आणि कुणाचं काम गेलं, ते कसं मोजायचं

२०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म वीजक्षमता आणि २०७० पर्यंत नेट झीरो (जेवढा कार्बन हवेत सोडायचा तेवढाच शोषून घ्यायचा), हे आपल्या देशानं २०२१ ला ग्लासगोच्या हवामान परिषदेत जाहीर केलंय. मेगावॅट मोजणारे बक्कळ आहेत, त्यांची आकडेवारी रोज येते. पण त्या मेगावॅटमागं कुणाच्या घरात पैसा आला, कुणाची वैरण गेली, कुणाची भांगलण (खुरपणीचं काम) बुडाली, हे मोजायचं काम कुणाकडंच नसतंय. त्याला कायद्यातलंच कारण आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास सक्तीचा आहे खरा, पण तो सरकार जमीन संपादन करतं तेव्हा. सोलरला जमीन बहुतेक वेळा भाडेपट्ट्यानं जाते, मग तो अभ्यास लागूच होत नाही. आणि पर्यावरणाच्या मंजुरीची जी २००६ ची अधिसूचना आहे तिच्यातनं सौर आणि पवन दोन्ही बाहेर आहेत. म्हणजे जनसुनावणी नाही आणि अहवालही नाही. म्हणून हे काम ग्रामपंचायत सदस्यांनी, एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्य शिकणाऱ्या पोरापोरींनी, कामगार संघटनांनी स्वतः करायला शिकलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे, आणि सोलरला विरोध म्हणून नाही बरं का. दिवसा वीज मिळावी म्हणून २०२२ च्या फेब्रुवारीत ह्याच कोल्हापुरात शेतकरी धरण्याला बसले होते. ती वीज यायलाच पाहिजे, पण तिची किंमत ज्याला परवडत नाही त्याच्यावर पडू नये.

आधी ठरवा, नेमका कुठला बदल मोजताय. "हरित ऊर्जा" असं मोघम धरलं की अहवालात काहीच सापडत नाही. आपल्या जिल्ह्यात ती वेगवेगळ्या वाटांनी येते. माळावर किंवा गायरानात सौर कृषी वाहिनीचा, म्हणजे शेतीपंपांना दिवसा सोलरची वीज देणारा प्रकल्प, शेतातला सोलर पंप, घरावरचं रूफटॉप, साखर कारखान्याचं को-जन (उसाच्या चिपाडावर केलेली वीज) आणि इथेनॉल, शिरोली-गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतल्या फौंड्रीवर (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांवर) इलेक्ट्रिक गाड्यांचा होणारा परिणाम, शिवाय पाटगाव धरणाच्या पाण्यावरचा पंप्ड स्टोरेज प्रकल्प (पाणी वर चढवून साठवायचं आणि गरज पडली की खाली सोडून वीज काढायची), ज्याला भुदरगडमध्ये लोकांनी विरोध केला. यातलं एकच घ्या. आणि अभ्यासाची हद्द गावाच्या शिवेवर नका ठरवू. वीज फीडरप्रमाणं, म्हणजे सबस्टेशनवरनं निघणाऱ्या एकेका लाइनप्रमाणं येते म्हणून फीडरवरची सगळी गावं घ्या, आणि त्या जमिनीवर कामाला किंवा चाराईला जी माणसं बाहेरनं येतात ती पण घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, यादी कुणापासून सुरू करायची. सगळे सातबाऱ्यापासून करतात कारण तो ऑनलाइन मिळतोय, आणि तिथंच निम्मी माणसं गळतात. माझं म्हणणं असं की ज्याचं नाव सातबाऱ्यावर नाही त्याच्यापासून सुरू करा. हे काय माझं खूळ नाही, त्याच २०१३ च्या कायद्यात "बाधित कुटुंब" म्हणजे फक्त मालक नव्हे. त्या भागात आधीची तीन वर्षं काम करणारे शेतमजूर, कुळं, वाटेकरी, कारागीर, ज्यांचं पोट मुख्यतः त्या जमिनीवर आहे ते सगळे त्यात येतात. कायदा भाडेपट्ट्याला लागू नसला तरी ही व्याख्या उचलून वापरायला कुणी अडवलेलं नाही.

एक हिशेब करून बघा म्हणजे लक्षात येईल. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ आहे, म्हणजे एकरी पन्नास हजार. बागायतीत एकरी ४० टन ऊस काढणारा, टनाला ३००० धरले तरी एक लाख वीस हजाराचा ऊस घालतोय, खर्च वजा जाता त्याच्या हातात किती उरतं ते तोच जाणे, पण तो सहजासहजी रान देणार नाही. देणार कोण, तर माळावरचा जिरायतवाला, ज्याच्या भुईमुगात नाहीतर ज्वारीत एवढे पैसे कधीच निघत नव्हते. त्याच्यासाठी हा सौदा खरोखर चांगला आहे आणि अहवालात तसं स्पष्ट लिहा. पण त्याच रानात वर्षाला भांगलणीचे, काढणीचे, शेंगा तोडायचे मिळून किती बायकांचे किती रोज होत होते? वाटेनं कोण करत होता? मळणीनंतर तिथं धनगराची बकरी बसत होती का? भाडं मालकाच्या खात्यावर जातं, ह्यांच्या हातात काय येतं ते शोधायचं. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातला पावगडचा सोलर पार्क बघा, २०५० मेगावॅट, १३ हजार एकर, सगळी जमीन भाड्यानं, एकरी २१ हजारापासून सुरुवात. दुष्काळी भागातल्या जमीनमालकांना बसून पैसे मिळायला लागले आणि भूमिहीन मजुरांचं शेतकाम गेलं, मेंढपाळांचं चराऊ रान कुंपणाच्या आत गेलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्यामुळं "प्रकल्पग्रस्त" असा एकच गट धरून सरासरी काढली की दोघांवरही अन्याय होतो.

गायरान असेल तर काम आणखी किचकट. कागदावर ती सरकारी जमीन, नाममात्र भाड्यानं जाते, आणि त्या बदल्यात ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख असं तीन वर्षं अनुदान मिळतं. ते पंधरा लाख गावाला दिसतात. पण एका म्हशीवर घर चालवणारी बाई तिथनं रोज वैरण आणत होती, आता ती विकत घ्यावी लागली तर डेअरीच्या बिलातनं दहा दिवसाला किती कमी होतात, हे कुठंच दिसत नाही. म्हणून गायरानावर स्वतः जा, सकाळी आणि सायंकाळी दोन्ही वेळा, जनावरं कुणाची, शेणी कोण गोळा करतंय, सरपण कोण नेतंय, कुणाची वहिवाटीची वाट तिथनं जाते, स्मशानशेड आहे का, ते हातानं नकाशावर मांडा. पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा, कारण वापर मोसमाप्रमाणं बदलतो. ग्रामसभेचा ठराव झाला असेल तर त्याची नक्कल मागा, कितीजण हजर होते बघा, मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका.

ही सगळी नोंद प्रकल्पाचं काम सुरू व्हायच्या आधी झाली पाहिजे. खांब रोवल्यावर विचारलं की लोक आधीचं सगळं चांगलंच होतं असं सांगतात किंवा सगळं वाईट होतं असं सांगतात, दोन्हीचा उपयोग नाही. आधीची नोंद नसेल तर दूध संस्थेचं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड, बचत गटाचं रजिस्टर, किराणा दुकानातली उधारीची वही, ह्यातनं मागचं वर्ष उभं करता येतंय. आठवणीपेक्षा वहीवर जास्त भरोसा ठेवा.

विचारायला कसं बसायचं तेही सांगतो. सरपंचांच्या हॉलमध्ये मीटिंग लावू नका, तिथं बोलणारे ठरलेले असतात. बायकांशी बायकांनीच बोलावं, शक्यतो बांधावर जेवणाच्या सुट्टीत, तेव्हा मावश्या मोकळं बोलतात. दलित वस्तीत वेगळं बसा. ऊसतोड कामगार बीडकडनं येतात ते दसरा-दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंतच असतात, त्यांच्या खोपीवर अंधार पडल्यावर जावं लागतं. इथेनॉलचा अभ्यास ह्यांना वगळून केला तर तो अर्धा पण नाही, कारण पेट्रोलमधलं जेवढं इथेनॉल उसापासून होतं, तो ऊस शेवटी त्यांच्याच कोयत्यानं तुटतो. आणि "प्रकल्पाबद्दल तुमचं मत काय" असं कुणालाच विचारू नका, लोक तुमचं तोंड बघून उत्तर देतील. गेल्या आठवड्यात कुठं कामाला गेलात, किती रोज, किती मिळाले, पाणी किती वाजता पाजलं, वैरण कुठनं आणली, असं विचारा.

रोजगाराचा आकडा कंपनी देते तो तसाच उतरवू नका. सोलरमध्ये बांधकाम चालू असताना माणसं भरपूर लागतात, नंतर वॉचमन, पॅनल धुणारे, गवत काढणारे आणि एखाददुसरा तंत्रज्ञ. शंभर माणसांनी सहा महिने काम केलं तर ती पन्नास माणसांची एक वर्षाची नोकरी झाली, शंभर नोकऱ्या नव्हेत. बांधकामातले आणि कायमचे आकडे वेगळे लिहा, त्यात स्थानिक किती, बाया किती, कंत्राटी किती तेही.

फौंड्रीकडं मला विशेष लक्ष वेधायचंय, कारण हरित ऊर्जा म्हटलं की आपण शेताकडंच बघतो. कोल्हापूरची फौंड्री ऑइल इंजिनच्या धंद्यातनं वाढली आणि आज इथली कास्टिंग (ओतीव भाग) मोठ्या प्रमाणात गाड्या नि ट्रॅक्टरना जातात. इलेक्ट्रिक गाडीला सिलिंडर ब्लॉक लागत नाही, हेड लागत नाही, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लागत नाही. ब्रेकचे, चाकाकडचे, सस्पेन्शनचे पार्ट मात्र लागतात. त्यामुळं "फौंड्री मरणार" किंवा "काही होणार नाही" ह्या दोन्ही गप्पा बाजूला ठेवून प्रत्येक युनिटला विचारा, महिन्याच्या टनेजमधला किती वाटा इंजिनच्या पार्टचा आहे. तो वाटा आणि कामगारांची संख्या शेजारी शेजारी मांडली की धोका कुठं आहे ते दिसतंय. मग त्या युनिटमधले मोल्डिंग, कोअर, फेटलिंगवाले (साचे बनवणारे आणि ओतीव भाग घासून साफ करणारे) कामगार, कायम किती आणि ठेकेदाराकडचे किती, परराज्यातले किती. ऑर्डर कमी झाली की आधी ठेकेदाराची माणसं जातात आणि कुठल्याच नोंदीत ती कपात दिसत नाही. सोलरमुळं भट्टीचं वीजबिल उतरलं असेल तर तोही परिणामच, पण त्यातला पगारात किती आला हा प्रश्न विचाराच.

फायदे पण तेवढ्याच कसोशीनं मोजा. दिवसा वीज आल्यानं रात्री पाणी पाजायला जाणं बंद झालं म्हणजे काय झालं हे आकड्यात आणता येतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सर्पदंशाच्या नोंदी, रात्री रानात जाणाऱ्यांची संख्या, गव्याच्या भीतीनं दोघांनी जायचं तिथं आता एकजण जातो का. सोलर पंपात शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के, हे चांगलंच आहे, पण अनुदानातला पंप साधारण साडेसात एचपीपर्यंत. नदीवरनं लांब माळावर पाणी चढवणाऱ्या पाणीपुरवठा संस्थेच्या सभासदाला तो कितपत चालतो ते त्यालाच विचारा. रूफटॉपला ३ किलोवॅटला ७८ हजार अनुदान आहे, पण छप्पर स्वतःच्या नावावर पाहिजे. इचलकरंजीत यंत्रमागावर काम करून भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याला त्यातलं काय मिळतं?

बदल प्रकल्पामुळंच झाला हे कसं कळायचं, कारण मधेच पूर येतो, उसाचा दर बदलतो. शेजारचा, अजून सोलरवर न गेलेला फीडर निवडा, तिथंही तेच प्रश्न त्याच महिन्यात विचारा. दोन्हीकडं जे बदललं ते पावसानं किंवा बाजारानं, एकाच बाजूला जे बदललं त्याचा विचार प्रकल्पाशी जोडून करा.

आता गाव सोडून देशाकडं जायचं असेल तर कोल्हापूरच्या आकड्याला जिल्ह्यांच्या संख्येनं गुणू नका. काम जातंय एकीकडं आणि येतंय दुसरीकडं. कोळसा चंद्रपूर, झारखंड, ओडिशा, छत्तीसगडमध्ये, तर मोठे सोलर राजस्थान, गुजरात, कर्नाटकात. म्हणून एक कोळशाचा जिल्हा, एक सौर-पवनचा, एक कारखानदारीचा असे वेगवेगळ्या जातीचे जिल्हे घेऊन शेजारी ठेवा. चंद्रपुरात खाणीतल्या कायम कामगारासोबत ट्रकवाला, टपरीवाला, राख वाहणारा पण मोजायचा. दक्षिण आफ्रिकेत कोमाटीचं कोळशाचं वीजकेंद्र २०२२ च्या ऑक्टोबरला बंद झालं आणि पर्यायी काम वेळेत उभं राहिलं नाही म्हणून मोठी टीका झाली. जर्मनीनं कोळसा २०३८ पर्यंत बंद करायचं ठरवतानाच खाणींच्या प्रदेशांसाठी ४० अब्ज युरोपर्यंतची तरतूद केली. तारखा आणि पैसे कामगाराला आधी माहीत होते का, हा प्रश्न म्हणून आपल्या यादीत असलाच पाहिजे.

अहवाल लिहिताना एक तक्ता पुरे. आडव्या ओळीत माणसांचे गट, उभ्या रकान्यात पैसा, कामाचे दिवस, पाणी, वैरण, वेळ, आरोग्य, आणि निर्णयात त्यांना विचारलं होतं का. शेवटी बेरीज करू नका, मालकाच्या भाड्यातनं मजुराची रोजंदारी वजा होत नसते. नावं कुणाचीच छापू नका. मग तो तक्ता ग्रामसभेत मोठ्यानं वाचा, लोक चुका सांगतील त्या तिथंच दुरुस्त करा, आणि मागण्या ठरावात घाला: कुंपणाबाहेर चराईची पट्टी, पॅनल धुण्याचं काम गावातल्या बचत गटाला, पंचायतीच्या अनुदानातला ठरावीक भाग वैरणीला. त्याच कुटुंबांकडं परत जायची तारीख पण ठरावातच लिहून घ्या, पहिल्यांदा बांधकाम संपल्यावर सहा महिन्यांनी आणि दुसऱ्यांदा चौथ्या वर्षी, पंचायतीचे पाच लाख यायचे बंद झाल्यावर.